सव्वा इंच खाली

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बातमी पसरली की दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी मास्तर घर सोडून चाललेत. एकदम नव्हे, थोडं थोडं. रोज गाडीत पोती चढतात, उतरताना मात्र कुणी बघितलेली नाहीत. गाडी बिचारी पोट टेकेल इतकी खाली बसलीय. सासूबाईंशी पटत नाही, बायको आईची बाजू घेते, मग माणसाने करायचं काय? दुकानातच बिऱ्हाड मांडायचं. तळमजल्यावरच्या काकूंनी तर ‘हात किती सफाईदार होता हो त्यांचा’ म्हणत मास्तरांना जवळजवळ निरोपच देऊन टाकला.

बातमी साफ खोटी होती. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती माझ्याच दारातून बाहेर पडली होती. मी मास्तरांच्या समोरच्या दारात राहते. दाराला जे काचेचं गोल भोक असतं ना, त्यातून पोतं दिसतं, पोत्यात काय आहे ते दिसत नाही. पोत्यांत वाळू होती. पंचवीस-पंचवीस किलोची दहा पोती. हे कळल्यावर मी इमानदारीत बातमी दुरुस्त करायला निघाले, तर खरी हकीगत ऐकून लोक म्हणाले, “छे हो, त्यापेक्षा घर सोडून चाललेत हेच पटतं.”

खरी हकीगत ही अशी.

मास्तर पन्नाशीचे, शिडशिडीत. गळ्यातला टेप अंघोळीला तरी काढतात की नाही, देव जाणे. बोलताना ते तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी खांदे, मग बाह्या, मग लांबी. “कशा आहात वहिनी?” असं विचारतात खरं, पण डोळे काखेत पडलेल्या चुणीवर. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाब असल्याचं सांगितलं, तेव्हा घरी येऊन बायकोला म्हणाले, “डॉक्टर हुशार आहे गं, पण त्याची कॉलर मानेपासून सुटलीय.”

अशा माणसाच्या नशिबी एक गाडी आली. राखी रंगाची, अकरा वर्षांची, एका गिऱ्हाइकाकडून घेतलेली. दुसऱ्याच्या दुकानात वीस वर्षं मशीन मारून मास्तरांनी स्वतःचं दुकान टाकलं, त्यानंतर स्वतःसाठी घेतलेली ही पहिलीच वस्तू. सीटची कव्हरं त्यांनी स्वतः शिवली, दुहेरी शिलाई मारून. आमच्या सोफ्यालाही तेवढी माया मिळालेली नाही.

पण त्या गाडीचं एक मास्तरांच्या डोळ्यांत खुपायचं. टायर आणि त्याच्या वरची पत्र्याची कमान यांच्यात चार बोटं फट होती. तुम्हा-आम्हाला ती दिसलीसुद्धा नसती. मास्तर रोज सकाळी गाडीपुढे उभे राहून उसासा टाकायचे. “आखूड पँट घालून उभी आहे असं वाटतं हो वहिनी. घोटे उघडे.”

एकदा ऐकल्यावर मलाही रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचे घोटे दिसायला लागले. हा माणूस असा रोग लावतो.

आता घरातली बाकीची दोन माणसं. बायको हॉस्पिटलात नर्स, सोळा वर्षं एकाच वॉर्डात. आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणतो, कारण अर्ध्या बिल्डिंगला तिने सुया टोचल्या आहेत आणि नावाने हाक मारायची कुणाची हिंमत नाही. आणि सिस्टरची आई, म्हणजे आजी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे आता स्वतः भरपूर बोलतात, आणि त्यातलं निम्मं तक्रारीचं असतं. उशी मऊ असेल तर मान दुखते, कडक असेल तर कान. पाठीच्या व्यायामासाठी त्या रोज लेकीबरोबर हॉस्पिटलात जातात. सकाळी साडेसातला तिघं निघतात, मास्तर दोघींना सोडून दुकान उघडतात. मागच्या सीटवर आजी विणकाम करतात आणि गाडी गतिरोधकावरून गेली की तीन वेळा उसळते. एकदा गतिरोधकामुळे, दोनदा वयामुळे.

एका रविवारी भांडण झालं. दार उघडं होतं, त्यामुळे मला कान लावायचीही गरज पडली नाही.

“अहो, त्या गाडीवर आता एक पैसा घालायचा नाही,” सिस्टर म्हणाली. “आमच्याकडचा एक्स-रेवाला घ्यायला तयार आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बघायला येतोय.”

“मी दुरुस्त करतो ना.”

“काय दुरुस्त करता?”

इथे मास्तरांची जीभ घसरली. “खालचं सगळं बदलायचंच आहे. तर त्यातच जरा... खाली घेतो. सव्वा इंच.”

“आईची पाठ गेलीय आणि तुम्ही गाडीची फॅशन करताय?”

“माझ्या पाठीला मधे घेऊ नका,” आतून आजी. “ती आधीच वाकडी आहे.”

शेवटी सिस्टरने अट घातली. एक्स-रेवाला येईल त्या दिवशी आजींना गाडीत बसवून सगळ्यांदेखत एक चक्कर मारायची. आजींच्या पाठीने कुरकुर केली, तर चावी तिथल्या तिथे त्याच्या हातात. मास्तरांनी मान हलवली. आजींनी कुरकुर करायची नाही, ही अट मान्य करणारा जावई म्हणजे एकतर धाडसी नाहीतर वेडा. मी ‘वेडा’ म्हटलं आणि आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच माझ्या मताला दुजोरा दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर गॅरेजला गेले. मीही गेले, कारण मला त्याच बाजूला जायचं होतं. मला नेहमी त्याच बाजूला जायचं असतं.

गॅरेजवाला हातातला पाना खाली न ठेवता बोलणारा माणूस. म्हणाला, “स्वस्तात करायचंय ना? ग्राइंडरने स्प्रिंगचे दीड वेढे उडवतो. अर्ध्या तासात गाडी जमिनीला नाक लावेल.”

“कापायचं नाही,” मास्तर म्हणाले. “तीस वर्षं कात्री चालवतोय. कापल्यावर पुन्हा जोडून देणारा अजून भेटला नाही मला.”

“मी पण माझ्या गाडीची कापणार नाही,” गॅरेजवाला म्हणाला. “चाक खड्ड्यात लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग जागा सोडते.”

“मग मला कशाला सांगितलंत?”

“गिऱ्हाईक कितपत शहाणं आहे ते आधी बघावं लागतं.”

मग त्याने दुसरे प्रकार काढले. एक आट्यांचा सेट असतो, पाना फिरवला की गाडी वर किंवा खाली. “स्वस्तातला घेतलात तर वर्षात तेल गळतं आणि आटे गंजून बसतात. चांगला घेतलात तर तुमच्या गाडीच्या किमतीत बसत नाही.” हवेवर उचलली जाणारी गाडीही असते म्हणे, बटण दाबलं की फुस्स. त्यावर दोघं नुसतेच हसले. राहिला तिसरा प्रकार. कारखान्यातच आखूड बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीला नवे शॉकअप, म्हणजे धक्का पिणारी ती तेलाची नळकांडी.

“स्प्रिंगचं काम उसळायचं, शॉकअपचं काम तिला गप्प करायचं,” गॅरेजवाला म्हणाला. “प्रत्येक घरात दोन्ही लागतात.” आणि माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मी विचारलं नाही.

“नुसत्या स्प्रिंगा घातल्या तर?” मास्तरांनी विचारलं.

“चालेल गाडी. पण तुमचे शॉकअप म्हातारे झालेत.”

“आधी ट्रायल घेतो,” मास्तर म्हणाले.

“स्प्रिंगची ट्रायल? मास्तर, हा काय कोट आहे का?”

पण मास्तरांनी कच्चा धावदोरा घालून अंगावर चढवल्याशिवाय आजवर कुणाची साधी बंडीसुद्धा पक्की केलेली नाही. त्यांनी डोकं लढवलं. स्प्रिंग विकत न घेता गाडी सव्वा इंच खाली आणायची तर काय करायचं? वजन ठेवायचं. म्हणून ती पोती. चार डिकीत, चार मागच्या सीटच्या पायाशी, दोन पुढे. चाकाच्या मधोमध टेप लावून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंची मापं. ती गिऱ्हाइकांच्या वहीत लिहिलेली मी स्वतः बघितली आहेत, एका बाईंच्या जॅकेटच्या खाली: पुढे डावं, पुढे उजवं, मागे डावं, मागे उजवं.

मग त्यांनी शिंप्याचा निळा खडू घेतला आणि पार्किंगच्या उताराच्या कडेवर आणि कोपऱ्यावरच्या गतिरोधकाच्या माथ्यावर जाड रेघ ओढली. गाडी त्यावरून नेली आणि खाली वाकून पोट बघितलं. जादा पोती टाकून दोन इंच खाली नेली तेव्हा पोटाला निळा पट्टा लागला. सव्वा इंचाला पोट स्वच्छ. घरची माणसं बसवून बघितलं, तरी स्वच्छ. पैसे फक्त वाळूचे. मी टाळ्या वाजवणार होते, पण मी तेव्हा खिडकीत पडद्याआड होते.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आजी खूश झाल्या. पोत्यांवर पाय ठेवून बसल्या, विणत राहिल्या, गतिरोधक आला कधी आणि गेला कधी, कळलंच नाही.

“बोटीत बसल्यासारखं वाटतंय,” आजी म्हणाल्या. “जावईबापू, असंच ठेवा.”

लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यात आजींनी जावयाच्या कामाला चांगलं म्हटल्याची ही पहिली वेळ. मास्तर हवेत तरंगायला लागले. ट्रायल पास! आणि जुन्या शॉकअपवर जर बोट इतकी छान चालते, तर नव्यांचा खर्च हवा कशाला? त्यांनी नुसत्या चार स्प्रिंगा घेतल्या. गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं, पण मजुरीच्या बदल्यात कामावर घालायचे तीन बॉयलर सूट शिवून मिळत होते, म्हणून गप्प बसला.

शनिवारी गाडी आली. खरं सांगते, देखणी दिसत होती. टायरवर पत्रा असा बेताने उतरलेला, जशी बुटावर बरोबर पडलेली पँट. मास्तर तीन वेळा प्रदक्षिणा घालून आले, एक डोळा मिटून बघितलं, मागे सरून बघितलं आणि रस्त्यातून जाणाऱ्या एका सायकलवाल्यालाही थांबवून दाखवलं.

सोमवारी साडेसातला तिघं निघाले. पहिल्याच गतिरोधकावर गाडी उडाली, आपटली, परत उडाली आणि पुढच्या चौकापर्यंत मान हलवत राहिली. आजींच्या सुईवरचे अकरा टाके सुटले, दुसरी सुई सीटखाली गेली आणि लोकरीचा गुंडा सिस्टरच्या डोक्यावर आला. हॉस्पिटलच्या दारात उतरताना आजी एवढंच म्हणाल्या, “जावईबापू, गाडी खाली घेतलीत ते बरं केलंत. पण मी अजून वरच आहे.”

सिस्टरने दुपारच्या सुट्टीत एक्स-रेवाल्याला सांगितलं, रविवार पक्का.

त्या आठवड्यात मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बुधवारी ते मला जिन्यात भेटले, भिंतीला टेकून उभे. माझ्या बाहीकडे बघितलंसुद्धा नाही.

“काय झालं मास्तर?”

“वहिनी, मी ट्रायल घेतली जाड्याची आणि कपडे घातले बारक्याला.”

“म्हणजे?”

“अडीचशे किलो वाळू होती गाडीत. जड गाडी आपोआप सावकाश हलते. आईंना आवडली ती वाळू होती, माझी स्प्रिंग नव्हे. उंची बरोबर घेतली मी. नुसती उंचीच घेतली. वाळू निघाली, नवी स्प्रिंग कडक, आणि तिला आवरणारा शॉकअप अकरा वर्षांचा म्हातारा.”

“मग वाळूच ठेवा की परत!”

“पेट्रोल तुम्ही भरणार?”

हा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं. ज्या माणसाला टोमणा सुचतो तो अजून बुडालेला नसतो. पण मग ते हळूच म्हणाले, “लोकांचे कपडे शिवण्यात हयात गेली वहिनी. मला शोभेल अशी ही एकच गोष्ट होती.” मी म्हटलं, “गॅरेजला जाताय ना? मला त्याच बाजूला जायचंय.”

गॅरेजवाल्याने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. पाना मात्र दोनदा हवेत उडवून झेलला, म्हणजे तेच.

“सव्वा इंचावर थांबलात म्हणून वाचलात,” तो म्हणाला. “दोन इंच खाली घेतली असती, तर खास आखूड शॉकअप मागवावे लागले असते. महाग, आणि रविवारपर्यंत आलेच नसते. एवढ्याशा फरकाला नेहमीच्याच लांबीचे चालतील, फक्त जरा कडक जातीचे घेऊ. उद्या मिळतात.”

काजाच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे मास्तरांनी तिकडे वळवले. काजं अजून वर्षभर हातानेच करायची ठरली. मजुरीचे आणखी तीन बॉयलर सूट. गॅरेजवाल्याकडे आता इतके झाले होते की तो रविवारीही नवा घालून फिरला असता. शनिवारी नवे शॉकअप बसले. मोठा धक्का शेवटी अडवणाऱ्या आतल्या रबराच्या ठोकळ्यांची टोकं स्प्रिंगच्या कागदावर लिहिलं होतं तेवढीच कापायची होती; ती मास्तरांनी खडूची खूण करून स्वतः कापली. चाकं सरळ रेषेत आणून घेतली आणि गाडी आणून लावली. या खेपेला प्रदक्षिणा नाही, सायकलवाला नाही. गप जिना चढून गेले.

रविवारी दहाला एक्स-रेवाला हजर. तिशीचा, काळा चष्मा, आल्या आल्या टायरला लाथ मारून बघणारा. आतापर्यंत त्याने कुणाच्या बरगडीलाही लाथ मारून बघितली असेल. सिस्टरने कागदपत्रांची फाइल काखेत धरली. आजी मागे बसल्या. विणकाम आणलंच नव्हतं. हात मांडीवर घडी घालून, परीक्षक बसतात तशा. मी ‘नको नको’ म्हणत आधीच आत बसले होते.

मास्तरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “वहिनी, वजन किती तुमचं?”

“मास्तर!”

“उतारासाठी विचारतोय हो. ट्रायलमध्ये तुम्ही नव्हता.”

“त्या नाही सांगणार,” सिस्टर म्हणाली. “मी वॉर्डात काट्यावर बघितलंय, मी सांगते.”

“मी मधे सरकते,” मी घाईने म्हटलं, आणि सरकले.

पाच माणसं भरून गाडी पार्किंगच्या उताराकडे निघाली. सगळ्यांनी श्वास धरला. मी तर पोटही आत ओढलं, जणू त्याने गाडी वर उचलली जाणार. चाकं कडेवरून उतरली. खालून काही घासलं नाही. मास्तरांच्या मानेवरची शीर जरा सैल झाली.

कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली आणि गप्प. मी उगीचच दुसऱ्या उसळीची वाट बघत राहिले, जिन्यात नसलेल्या पायरीसाठी पाय टाकावा तशी. दुसरा गतिरोधक, तेच. रेल्वेचे रूळ, नुसतं टक-टक. गोल चौकातून वळताना पुढे बसलेल्या एक्स-रेवाल्याने दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं. गाडी एका बाजूला कललीच नाही, तेव्हा त्याने ओशाळून हात खाली घेतला आणि चष्मा काढला.

“छान वळते हो,” तो म्हणाला.

आम्ही सगळे आजींचं तोंड बघत होतो. मास्तर आरशातून, सिस्टर तिरक्या नजरेने, मी अगदी शेजारून. आजी बाहेर बघत होत्या. आख्ख्या वाटेवर शब्द नाही. त्यांना इतका वेळ गप्प मी फक्त भूल दिल्यावर बघितलं होतं.

गाडी परत जागेवर लागली. मास्तरांनी इंजिन बंद केलं, पण चावी काढली नाही. बोटं तिच्यावरच होती.

“आई?” सिस्टरने विचारलं.

“या बाजूची काच खडखडते,” आजी म्हणाल्या.

“आणि?”

“आणि काय? काच. तेवढी बघून घ्या म्हणावं.”

“पाठ?”

“पाठीला काय झालंय?”

ज्या पेशंटची फक्त पंख्याबद्दल तक्रार उरते त्याला घरी सोडायचं, हे सिस्टर सोळा वर्षं करत आलीय. तिने फाइल पर्समध्ये कोंबली आणि चेन लावली.

“गाडी द्यायची नाही,” ती एक्स-रेवाल्याला म्हणाली. “उगाच फेरी पडली तुम्हाला. चहा घेऊन जा.”

आरसा सरळच होता, तो मास्तरांनी उगीच वाकडा केला आणि परत सरळ केला.

एक्स-रेवाला मात्र उतरेना. आधी म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त देतो. मग म्हणाला, त्याहून जास्त देतो. सिस्टरने मान हलवली, तसा तो मास्तरांकडे वळला. “बरं, गाडी नका देऊ. पण माझ्या गाडीला असंच करून द्या ना मास्तर. कुठली स्प्रिंग, कुठले शॉकअप, सांगाल ते आणतो. किती दिवस लागतील?”

मास्तरांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. खांदे बघितले, बाह्या बघितल्या आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“मी एकटाच.”

“मग आधी लग्न करा,” मास्तर म्हणाले. “सासू मिळाली की तिला घेऊन या. तिच्याशिवाय मी ट्रायल घेत नाही.”